माटोळीतला तिसरा खोपा

हे इथे लिहावं की नाही, यातच महिना गेला. आमच्या सर्वण गावात देवचार आणि राखणदार असल्या गावराख्या भुतांच्या गोष्टी घरोघरी सांगतात. त्या ऐकत मी वाढलो आणि त्यांची टर उडवत मोठा झालो. रोज डिचोलीला जाऊन पणजीची बस पकडतो, सरकारी ऑफिसात फायली बघतो... असल्या माणसाला काय दिसणार आणि काय ऐकू येणार! आमच्या परसात मोर फिरतात, काजूच्या बागेत गवे उतरतात, एकदा तर न्हाणीघरात घोरपड येऊन बसली होती. जनावरांना मी घाबरत नाही, भुतांना तर नाहीच. तरीही गेल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्या घरात जे झालं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि खरं सांगू? मला भीती वाटत नाही, लाज वाटते.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी सांगतो. चवथीला आम्ही गणपतीच्या वर छताला एक लाकडी चौकट टांगतो, ती माटोळी. तिला सुपारीचे शिपटे म्हणजे घड, तोरिंगणं, आंबाडे, कवंडळं, रानातली मिळतील ती फळं-फुलं केवणीच्या झाडाच्या सालीने बांधायची. गावोगावी माटोळीच्या स्पर्धा असतात. परीक्षक घरी येतात, नावं विचारतात, मोजतात. माझ्या वडिलांची माटोळी बघायला शेजारच्या गावातून लोक यायचे. ते गेल्यापासून ती मी बांधतो, आणि दोन वर्षं माझा नंबर आला नव्हता.

वडिलांच्या माटोळीत सुगरण पक्ष्याचे खोपे हमखास असायचे. पण त्यांची एक रीत होती. दसरा झाला, भात कापून झालं, पक्षी खोपे सोडून गेले, की मगच ते काढून आणायचे आणि माळ्यावर पुढच्या चवथीसाठी जपून ठेवायचे. आईने मला आठवणही केली.

"माळ्यार बाबाचे खोपे आसात मरे. ते लाय."

मी वर जाऊन बघितलं. तपकिरी पडलेले, धूळ बसलेले. मला हिरवे हवे होते, ताजे. परीक्षकांच्या डोळ्यांत भरतील असे!

गेली चवथ उशिरा होती. पाऊस ओसरत आलेला, भात पोटरीला आलेलं. आमच्या शेताच्या कडेला एक विहीर आहे, तिच्यावर वाकलेल्या माडाच्या झावळ्यांना दहा-बारा खोपे लोंबत होते. चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी मी बांबूला कोयती बांधून गेलो. सोबत माझी मुलगी तन्वी, आठ वर्षांची. पिवळ्या डोक्याचे नर नुसता कालवा करत होते.

"पप्पा, भितर पिलां नात न्हय?" तिने विचारलं.

"ना गो बाय. रिते आसात."

मी तीन खोपे काढले. पहिले दोन खरंच रिकामे होते. तिसरा हातात घेतला आणि तो जड लागला. जड आणि ऊबदार. मला तेव्हाच कळलं. विहीर तिथेच होती, माड तिथेच होता, निदान त्याच झावळीला परत बांधून बघता आलं असतं. पण तिसरा खोपा सगळ्यात देखणा होता, लांब नळीचा. मी तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला आणि तन्वीला म्हटलं, चल, उशीर होतोय.

घरी येऊन तन्वी आंघोळीला गेली तसा मी परसात गेलो. खोप्यात दोन पिल्लं होती. पिसं नाहीत, डोळे मिटलेले, नुसती तोंडं... हात लागला की 'आ' वासायची. केळीच्या बुडाशी नारळाची सोडणं पसरून त्यावर ठेवली. आईबाप शोधत येतील, असं मी स्वतःलाच सांगितलं. विहीर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे! दुपारी जाऊन बघितलं तर मुंग्या लागल्या होत्या. तिथेच माती उकरून पुरली, हात धुतले आणि माटोळी बांधायला बसलो. तिसरा खोपा बरोबर मधोमध, गणपतीच्या मुकुटावर.

चवथीच्या दिवशी दुपारी आरती झाली. आईने नैवेद्याचं ताट आणलं, पातोळ्या, खतखतें, सगळं. ताट पाटावर टेकलं आणि वरून आवाज आला. चिवचिव. बारीक, घाईची, दोन गळ्यांची.

आई हसली. "आयकलें? तुझ्या बापायक आवडलें आसतें हें."

मी छपरात चिमणी असेल म्हणून बघितलं, नव्हती. सगळे जेवायला बसल्यावर मी स्टुलावर चढलो आणि तिसऱ्या खोप्यात बोट घातलं. आत काही नव्हतं, नुसतं गवत आणि वाळलेली माती. आवाज मात्र चालूच होता, माझ्या बोटाच्या अगदी टोकाशी... मी उतरलो. स्टूल जागेवर ठेवलं आणि पंगतीत जाऊन बसलो.

संध्याकाळी पुन्हा तेच. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेमका नैवेद्य दाखवताना स्पर्धेचे परीक्षक दारात उभे! दोघे होते, त्यांतले एक निवृत्त मास्तर. माझा चुलतभाऊ नीलेश मोबाइलवर शूटिंग करत होता. आईने ताट ठेवलं आणि चिवचिव सुरू झाली. मास्तर मान वर करून ऐकत राहिले, मग त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! हें कशें केलें तुवें?"

घरभर लोक. सगळे वर बघत होते, हसत होते. तन्वी माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं.

"ल्हान स्पीकर दवरला, सर. ब्लूटूथ."

"शाणो आसा रे!" मास्तर म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पितळेची समई मिळाली. 'कल्पकतेसाठी' असा खास उल्लेख केला त्यांनी. गावातली पोरं स्पीकर बघायला आली, तन्वीही रोज मागायची, "पप्पा, म्हाका दाखय मरे." मी म्हणायचो, विसर्जनानंतर. पाच दिवस दोन्ही वेळा तो आवाज घरातल्या प्रत्येकाने ऐकला. लोकांना गंमत वाटत होती, आणि मी पातोळी पानातच ठेवून उठत होतो.

विसर्जनानंतर माटोळी सोडली आणि आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी मी एकटा विहिरीवर गेलो आणि तो खोपा केवणीच्या सालीने त्याच झावळीला बांधला. एक पक्षी फिरकला नाही. मी तरी काय वेड्यासारखा वाट बघत होतो!

आठवड्याने नीलेशने तो व्हिडिओ पाठवला. रविवारची सकाळ, मी आणि तन्वी बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, बसून बघत होतो. व्हिडिओत झांजा ऐकू येतात. ताट पाटावर टेकल्याचा आवाज येतो, बाहेरचा कावळासुद्धा स्पष्ट ऐकू येतो. मग सगळे एकदम वर बघतात आणि हसतात. पण चिवचिव नाही. मी आवाज वाढवला, कानाला लावला, परत परत मागे नेला. काही नाही. मास्तर शांततेत मान डोलावताना दिसतात, आणि मग माझा आवाज येतो, अगदी खणखणीत. ल्हान स्पीकर दवरला, सर. ब्लूटूथ.

नीलेशला फोन केला. तो म्हणाला, "आवाज सगळ्यांनी आयकला मरे, हांवेंय आयकला. मोबाइलान कित्याक घेतलो ना, देव जाणां."

तन्वी माझ्याकडे बघत होती. "पप्पा, स्पीकर खंय आसा?"

मग मी सांगितलं. सगळं. खोपा जड लागला तिथपासून केळीच्या बुडापर्यंत. वाटलं ती रडेल, आजीला सांगायला धावेल. ती पायाचा अंगठा जमिनीवर घासत होती.

"तांकां भूक लागिल्ली, पप्पा," ती म्हणाली. "आमी ताट हाडटालीं आनी तांकां कोणेंच कांय दिलें ना."

पाच दिवस तो आवाज ताटाबरोबरच येत होता, हे मलाही दिसत होतं. पण मी तिथपर्यंत विचार जाऊच दिला नव्हता.

मी मास्तरांना जाऊन भेटलो, खरं सांगितलं, समई परत केली. त्यांनी ती घेतली. आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाले, "आयकलो मात हांवें. कानांनी आयकलो." ओळखीच्या एका मोबाइलवाल्याला व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, माइक बारीक आवाज कधी कधी गाळतो. असेलही. मग खोप्यात माझ्या बोटापाशी काय होतं, ते त्याला विचारायचं धाडस झालं नाही.

आता कापणी चालू आहे. सुगरणींचे थवे शेतात उतरतात, आणि यंदा आमच्याकडे कोणी त्यांना हाकलत नाही. पक्षी गेले की तन्वी आणि मी रिकामे खोपे काढून माळ्यावर ठेवणार आहोत. कधी काढायचे ते तिने आजीकडून नीट समजून घेतलंय.

ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, खेळते, पाठीवर बसते. फक्त एक बदल झालाय. काल बस चुकली म्हणून घरी यायला उशीर झाला. दारातच तिला तसं सांगितलं. तिने माझी पिशवी हातात घेतली, माझ्याकडे वर बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "खरें?"