आबांची रोजची गोळी

आबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय असं कळलं, तेव्हा मी आधी हसलेच. माझे वडील म्हणजे खुलताबादच्या पुढं डोंगराला शेळ्यांमागं फिरणारा काटक माणूस. तळलेलं खाणं सणावारालाच. आमच्या वाळूजच्या कंपनीतले, कँटीनचे वडे हाणून ढेऱ्या सुटलेले साहेब सोडून हे दुखणं आबांच्या वाट्याला यावं? पण हसू टिकलं नाही. आबांचे थोरले भाऊ असेच काटक होते, आणि ऐन चाळिशीत छातीत कळ येऊन गेले होते. आबांचंही तसंच झालं तर, या भीतीनं मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी लिहून दिली. काही महिन्यांत आकडे खाली आले. पुढच्या तपासणीत मात्र ते पुन्हा पहिल्याइतकेच वर. मी आईवर संशय घेतला, तिच्या तुपावर घेतला, तिच्याशी भांडलेसुद्धा. शेवटी आबाच शांतपणे म्हणाले, "गोळ्या कवाच बंद केल्या की. रिपोर्ट चांगला आला व्हता ना?"

माझा पारा चढला. पण त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर होतं. शेळ्यांना पावसाळ्याआधी जंताचं औषध पाजायचं, जंत पडले की विषय संपला. धडधाकट जनावराला रोज औषध पाजणारा त्यांच्या लेखी येडाच. जन्मभर कळप राखलेल्या माणसानं स्वतःलाही त्याच कळपात उभं केलं होतं.

मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं आणि हे सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी आबांना विचारलं, "बोकड कापलाय ना कधी? लिव्हरला ती पित्ताची पिशवी असते बघा."

"व्हय. ती फुटू द्यायची नसती. समदं मटण कडू व्हतं."

ते पित्त लिव्हर कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं, बाई म्हणाल्या. कोलेस्टेरॉल म्हणजे घाण नाही, अंगातल्या कणाकणाला ते लागतं. खाण्यातून थोडं येतं, बरंचसं लिव्हर स्वतःच तयार करतं, रक्तातून सगळीकडं धाडतं आणि उरलेलं परत ओढून घेतं. काही घराण्यांत हे परत ओढणंच जन्मापासून कमी असतं. मग माणूस कितीही बारीक असो, ते रक्तात साठतं आणि नसांना आतून थर बसतो. गोळीमुळं लिव्हर नवं कमी बनवतं आणि रक्तातलं जास्त ओढतं. गोळी थांबली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "हा जंत नाही बाबा, एकदा पडून जायला."

मी ऐकतच राहिले. ज्या कोलेस्टेरॉलला इतके दिवस शिव्या घातल्या, त्याच्यावाचून शरीराचं पान हलत नव्हतं. एवढा मोठा कारभार आत बिनबोभाट चालतो, याचं मला फार कौतुक वाटलं. आबांचा विचार मात्र माझ्या पुढं गेला होता.

"घराण्यात म्हंजी? माझ्या लेकीला बी?"

बाईंनी त्याच दिवशी माझं रक्त घ्यायला लावलं. माझेही आकडे वाढलेलेच निघाले. गोळ्या आणल्या खऱ्या, पण मी चालढकल करू लागले. मला काय धाड भरलीय, जन्मभर कोण गोळ्या गिळणार, असं फोनवर आबांनाच ऐकवलं.

आबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेळ्या कोंडून झाल्यावर, त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. गोळी जिभेवर ठेवली, वरून तांब्याभर पाणी प्यायले आणि माझ्याकडं बघत बसले. मी माझी गिळेपर्यंत फोन ठेवू देईनात. तेव्हापासून एक संध्याकाळ चुकली नाही. ज्या माणसाला स्वतःच्या जिवासाठी गोळी घेणं कधी पटलं नाही, तो इतका नेमाचा कसा झाला, हे न राहवून मी विचारलंच.

"पटलंय कुठं अजून?" आबा म्हणाले. "पर म्या सोडली की तू बी सोडशील, माय."