न खुडलेल्या मंजिऱ्या

मधमाश्या याव्यात म्हणून मी गॅलरीत निवडून निवडून रोपं लावली. एकेरी पाकळ्यांचा झेंडू, जिनिया, घाणेरी. फुलं आली, पण मधमाश्या तिकडे फिरकल्याच नाहीत. त्या जमल्या कोपऱ्यातल्या तुळशीवर.

ती तुळस माझ्या सासूबाईंची. रोज आंघोळ झाली की त्या तिच्या मंजिऱ्या खुडायच्या. मंजिऱ्या राहिल्या तर तुळस बी धरते आणि वाळते, म्हणून. आता त्याच अंथरुणाला खिळल्या आहेत, आणि तुळशीच्या फांदीफांदीवर जांभळट तुरे आले आहेत.

आज सकाळी मी खुडायला हात पुढे केला, तेवढ्यात खोलीतून त्यांनी विचारलं, "कसला गं आवाज येतोय?"

"मधमाश्या आहेत, आई. मंजिऱ्यांवर बसल्यात. खुडून टाकते."

"राहू दे."

"अहो, तुळस वाळेल."

त्या म्हणाल्या, "वाळू दे. आयुष्यभर तिला फुलूच दिलं नाही मी."

मी हात मागे घेतला. एखाद्याला जगवायचं म्हणून आपण त्याचं काय काय खुडत असतो! डॉक्टरांनी नुसतं 'दगदग नको' म्हटलं होतं. मी मात्र सासूबाईंना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातूनच परत पाठवत आले. सगळं त्यांच्या जिवासाठीच.

मधमाश्या एका तुऱ्यावरून दुसऱ्या तुऱ्यावर जात होत्या. त्यांना कुणी अडवत नव्हतं.

दुपारी सासूबाईंची मैत्रीण दारात आली आणि सवयीने तिथूनच हळू आवाजात विचारू लागली, "कशी आहे गं?"

मी दार पूर्ण उघडलं. म्हटलं, "आत या ना, मावशी. त्यांनाच विचारा."