खिंडीतल्या डहाळ्या आन् आमचा बिल्ला

माझी तान्ही पोरगी रडायची थांबली तवा मी तिच्या नाकापशी बोट धरून श्वास बघितला. रडत व्हती तवर बरं वाटत व्हतं, रडतीय म्हणजे जीव हाय. धुकं एवढं की हात लांब केला तर बोटं दिसंनात, वरनं बारीक पाऊस, आन् नणंद खडकावर घोटा धरून बसलेली. तिचा पाय मुरगळला व्हता, नुसता टेकवला तरी वरडायची. मी पोरीला चोळीच्या आत घेतली, तिचं पाय गारगार, व्हट काळंनिळं. खिंडीत तीन वाटा फुटत व्हत्या आन् घरची कुठली ते दोघींनाबी कळंना.

आमी तितं कशापायी गेलतो ते सांगते. आमच्या मुळशी भागात पोरापोरींना बिल्ला द्यायची योजना पहिल्यांदा आली त्या सालची ही गोष्ट. पुण्याच्या एक बाई यष्टीनं पौडपर्यंत यायच्या, पुढं चालत. पोरापोरींनी चार कामं करायची. हातानं काही बनवाय शिकायचं, गावासाठी राबायचं, खेळायचं, आन् डोंगरातनं चालत जाऊन एक मुक्काम करून परत यायचं. समदं जमलं की पितळी बिल्ला. मी चौथीतनं शाळा सोडलेली, लेकरू अंगावर पिणारं. बाई घरी आल्या आन् सासूला म्हणल्या, "वयात बसते ना? मग लग्न झालं म्हणून काय झालं?"

सासू म्हणली, "लेकुरवाळीला बिल्ला कशाला, मंगळसूत्र हाय की गळ्यात!" पर हसली. सासू हसली म्हणजे जा. नणंदेनंबी माझ्यासंगं नाव घातलं. मी शिवण शिकले, पाणवठ्याचा गाळ काढला, लंगडी तर मी लग्नाआधीपासनंच जिंकायची. ऱ्हायलं ते चालणं.

मुक्काम पलीकडच्या खोऱ्यातल्या देवळात झाला. परत येताना आमच्यासंगतीच्या दोघी पोरी तांबडं फुटताना पुढं गेल्या, आमी नणंदभावजय पोरीचं आवरून मागनं निघालो. बाई खाली पायथ्याला थांबणार व्हत्या. वाट फुटंल तितं पुढच्यांनी डहाळी ठिवायची, वर दगड, म्हणजे मागच्यांना कळतं. पर खिंडीत पोचलो तर तिन्ही वाटांवर डहाळ्या! एकीवर तर ढीगच. आमी ढिगाची वाट धरली, ती कड्यावर जाऊन संपली आन् तितंच नणंद घसरली. कशीबशी तिला वढत खिंडीत आणली.

शिकवलेलं एकच ध्यानात व्हतं, वाट चुकली तर जागा सोडायची न्हाई, शिट्टी वाजवायची. नणंद वाजवत व्हती.

"वहिनी, तू जा पोरीला घिऊन."

"कुटं जाऊ वन्सं? वाट कुटली?"

"मंग बस. पर रडू नको, तू रडलीस की मला फुकता येत न्हाई."

तेवढ्यात धुक्यातनं एक धनगरीण आली, डोक्यावर घोंगडं, हातात डहाळी.

"कोण गं? देवापशी शिट्ट्या फुकताय व्हय?"

"कसला देव, मावशे?"

"ह्यो नवा बसलाय न्हवं! सकाळी कुणी डहाळी वाहिली, मंग बाजारकऱ्यांनी ज्यानं त्यानं आपापल्या वाटंवर वाहिल्या. मीबी हरवलेल्या म्हशीसाठी नवस बोलले. म्हस घावली, म्हणून ही दुसरी."

खिंडीत पाला वाहायची आमच्याकडं रीतच हाय. डहाळीवर दगड दिसला की हात जोडलंच जात्यात. मीबी जोडलं असतं. पर ती पहिली डहाळी आमच्या पुढं गेलेल्या पोरींची खूण व्हती.

मावशीनं पोरीच्या पायाला हात लावला आन् तिचं त्वांड बदललं. "गारठलीया की ही. दे हिकडं. आमचा धनगरवाडा ह्यो खाली, चूल पेटलेली हाय. माणसं धाडते तुमाला."

"मीबी येते."

"मंग हिला कोण बघंल? बाजूला कडा हाय."

नणंद म्हणली, "जा वहिनी, मी बसते." म्हणली खरं, पर माझा पदर तिनं मुठीत गच्च धरला व्हता. तिला ठावंबी नसंल. मी त्या बाईचं नाव इचारलं न्हाई, गाव इचारलं न्हाई, आन् पोरीला तिच्या घोंगड्यात दिली. ती शेरडागत घसरणीनं उतरली, दिसंनाशी झाली. मला पान्हा फुटला, चोळी भिजली, आन् मी नणंदेच्या हातातली शिट्टी घिऊन फुकत बसले, थांबलेच न्हाई.

माणसं आली. नणंदेला पाठुंगळी घेतली. वाड्यात गेलो तर पोरगी चुलीपशी, शेळीचं दूध चिंधीनं चोखलेली, मावशीच्या गळ्यातली काळी पोत वढत व्हती. मी मावशीच्या पायावर पडले. ती म्हणली, "उठ, आदी हिला पाज, माझी पोत तोडंल."

गावात बाया बोलल्या, परकीच्या हातात लेकरू देती ती कसली आई. बिल्ल्याच्या दिवशी तपासायला आलेल्या सायबांनीबी तेच इचारलं. तवा माझी सासू उठली, डोक्यावरचा पदर सावरून म्हणली, "सायेब, तिनं माझी लेक डोंगरात एकटी टाकली न्हाई." एवढंच बोलून बसली. बाईंनी डोळं पुसलं. बिल्ला सासूनंच लावला, पिन टोचली तरी मी हू का चू केलं न्हाई.

आता वाटंवर चुन्याचा बाण काढत्यात आन् लेकुरवाळ्यांची पोरं सांभाळायला बाई माणूस नेमत्यात. माझ्यामागनं आमच्या आळीतल्या आणखी सुना गेल्या. बाईंचं, मावशीचं, सासूचं उपकार मी कुटं फेडू? पर अजून कवातरी मनात येतं, मावशी तशी भली नसती तर? तुमी आया असाल, तुमी सांगा. माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?