चाकणचा भुईकोट आणि निघोज्याच्या वाटेवरची अदलाबदल

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यात सुभेदार होते, पूल बांधणाऱ्या तुकडीत. निवृत्तीनंतर ते फार बोलत नाहीत. पण गुरुवारी माझ्या कंपनीला सुट्टी होती, तेव्हा स्वतःच म्हणाले, "चाकणचा किल्ला दाखव की."

कासारवाडीहून स्कूटरवर निघालो. सकाळी आठच्या आत मोशी ओलांडा, नंतर ट्रकच ट्रक! चाकणला झणझणीत मिसळ खाऊन किल्ल्यात शिरलो. तिकीट नाही, पाट्याही फारशा नाहीत. थोडी तटबंदी, बुजत आलेला खंदक. मूठभर माणसांनी अफाट फौजेपुढे हा कसा झुंजवला, हे आबा काठीने मातीत रेघा ओढून सांगत होते. दुपारी एकपर्यंत आम्ही तिथेच रमलो.

जेवायला मैत्रिणीकडे निघोज्याला निघालो, तर वाटेतल्या अरुंद पुलावर ट्रेलर आडवा. आमच्या बाजूला वऱ्हाडाची बस, पलीकडे कामगारांची. नवरदेवाचा मामा रडकुंडीला आला होता. "दोन पाचचा मुहूर्त हाय हो निघोज्यात!"

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "आमची शिफ्ट चुकली तर खाडा लागंल, राव!"

मी कंपनीत प्लॅनिंगला. लगेच क्रेनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दीड तास. म्हणजे मुहूर्तही टळणार आणि शिफ्टही.

आबा मामांजवळ गेले. "पलीकडं बसला जायचंय की माणसांना?"

"माणसांना!"

"त्यांनाही अलीकडंच यायचंय ना? मग बस बदला."

एकच जल्लोष झाला! ट्रेलर आणि कठड्याच्या मधून एकेक माणूस निघू लागला. इकडून फेटा सांभाळत नवरदेव, तिकडून डबे घेतलेले कामगार. दोघा ड्रायव्हरांनी आपापली बस वळवली. वऱ्हाडातल्या ताशेवाल्यांना तर राहवेना, ते पुलावरच सुरू झाले.

स्कूटर अलीकडेच लावून आम्हीही वऱ्हाडासोबत गेलो. अक्षता वेळेवर पडल्या. आग्रहाने आम्हालाही जेवायला बसवलं, मैत्रिणीला मी फोनवर तसं कळवलं. मठ्ठा अप्रतिम. तेवढ्यात मामांना त्यांच्या ड्रायव्हरचा फोन आला. फुलांनी सजवलेली बस कंपनीच्या गेटवर पाहून वॉचमनने विचारलं होतं, "लग्न कुणाचं?" आणि अख्खी बस ओरडली होती, "आमच्या शिफ्टचं!"

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी विचारलं, "आबा, असं सुचतं कसं?"

"मला कुठं सुचलं? घाबरलेल्या माणसाला नीट विचारलं, की तोच सांगतो."

आणि "आमच्या शिफ्टचं!" आठवून ते एकदम इतके हसायला लागले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पहिल्यांदाच, मी न विचारता, त्यांनी बांधलेल्या पहिल्या पुलाची गोष्ट सुरू केली.