एका स्टेशनाचा प्रवास

माझा जावई पुण्याचा. हैदराबादेत येऊन त्याला दोन वर्षं झाली होती आणि इथली एकच गोष्ट त्याच्या पसंतीला उतरली होती, ती म्हणजे मेट्रो. ऑटोवाले लुटारू, बसेस घाणेरड्या, आमची मराठी गावंढळ; मेट्रो मात्र "अगदी परदेशासारखी". परदेशात तो एकदाच गेला होता, चार दिवस.

माझ्या आत्याला सुलतान बाजारातून खण घ्यायचे होते. आमच्या नारायणगुड्याहून ऑटोनं दहा मिनिटं.

"आत्याआजी, मेट्रोनं एकच स्टेशन!" असं म्हणत त्यानं आम्हां दोघींना बाहेर काढलं.

सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेली माझी आत्या सरकत्या जिन्याला घाबरली. लिफ्ट रस्त्याच्या पलीकडे. रस्ता ओलांडून, धापा टाकत वर पोचलो, तर तपासणीच्या यंत्रात तिच्या पिशवीतला अडकित्ता दिसला.

"सुपारी कतरने का है, बेटा," आत्या म्हणाली.

"मालूम अम्मा, पर अंदर नक्को," पहाऱ्यावरची बाई नरमाईनं म्हणाली.

मागे रांग तुंबली. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घातलेली पोरं उसासे टाकू लागली. जावई पुढे जाऊन मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता.

"ये आपके साथ हैं?" बाईनं त्याला विचारलं.

"नाही. म्हणजे, नहीं," असं म्हणून तो फाटकातून पलीकडे गेला. मिनिटभरात त्याचा मला फोन. "आई, तुम्ही ऑटोनं या ना. मी पुढे जाऊन थांबतो."

आत्यानं ते "नाही" ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "चल गं खाली." त्या परक्या बाईनं तिला हात धरून लिफ्टपर्यंत सोडलं.

ऑटोनं जाऊन आमचे खण घेऊन झाले तेव्हा हा घामाघूम होऊन दुकानात आला. भलत्याच बाजूला उतरला होता म्हणे.

घरी आल्यावर माझ्या लेकीला हसत सांगतो, "आत्याआजींना सवय नाही गं मेट्रोची!"

"नाही रे बाबा, नाही सवय," आत्या म्हणाली आणि त्याला पाणी दिलं.

लेकीच्या संसारात कशाला बोला, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या माणसाची मला किळस आली होती, पण स्वतःचीही काही कमी आली नव्हती.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सिकंदराबादला आता मी मेट्रोनंच जाते. गार असते, वेळेवर येते. जावई सोबत येतो म्हणाला, की "राहू द्या, जाईन मी," म्हणून चपला घालते.