बाजूच्या सीटवरचं दही

डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" नवरा म्हणाला, "दोन." त्या दिवशी त्याच्या पायात बूट मी घातले होते. मणक्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीही आकडा दोनच होता. ऑपरेशनला सहा महिने झाले, तो अजून झोपेतून दर दोन तासांनी उठून हॉलमध्ये फेऱ्या मारत होता, तेव्हाही दोनच. त्या दिवसापासून मी त्याला दुखण्याबद्दल विचारणं सोडून दिलं. जे यंत्र सगळ्यांना एकच आकडा दाखवतं, ते आम्ही शाळेत कपाटात ठेवून देतो. मी इथे आखातात एका भारतीय शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे.

तो बावीस वर्षं तेलक्षेत्रात ड्रायव्हर होता. सकाळी पिकअपमध्ये कामगार भरायचे आणि दक्षिणेच्या वाळवंटात एका तेलविहिरीवरून दुसरीवर सोडत जायचं. रस्ता असा नाहीच, नुसत्या चाकोऱ्या. ऑपरेशननंतर त्याला ऑफिसात बसायची ड्यूटी मिळाली, फोन घ्यायचा आणि यादीवर खुणा करायच्या. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. फक्त एकदा म्हणाला, "त्या बंद पंपापाशी एकदा जाऊन येऊ." पाइपलाइनच्या वळणाजवळ तेल उपसणारा, मान वरखाली करणारा एक जुना पंप आहे, कधीकाळी थांबला तो मान खाली घालून तसाच उभा आहे. त्याच्या सावलीत याने बावीस वर्षं माझा डबा खाल्ला. मी ती जागा कधी पाहिली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही निघालो होतो. गाडी जुनी, चारही चाकं ओढणारी. अमवाजमधल्या एका इंग्रजाने देश सोडताना आम्हाला विकली होती आणि तोवर ती डांबर सोडून कुठे उतरलेली नव्हती. मी चालवत होते. डांबर संपून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात एका ओघळीत पुढची चाकं गेली आणि गाडीचं पोट खालच्या दगडावर आपटलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा उजवा हात छातीवरच्या पट्ट्यावर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

"काही नाही," तो म्हणाला. "चल पुढं."

मी गाडी वळवली. तो दोन दिवस पालथा पडून होता. डॉक्टर म्हणाले, गाडीत बसायला हरकत नाही, पण असा दणका पुन्हा बसता कामा नये. आता मणक्यात दोन स्क्रू आहेत, तिसऱ्याला जागा नाही. हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला नीट समजावं म्हणून सांगितलं.

यंदा थंडी पडायला लागल्यावर मी गाडी मआमीरला एका गॅरेजमध्ये नेली. तिथला मिस्त्री रायगडचा, श्रीवर्धनकडचा. तो नवऱ्याला ओळखतो आणि मला भाबी म्हणतो.

"उचलायची बोलता?" त्याने खाली वाकून पाहिलं. "किती? चार इंच करू? एकदम शेखाची गाडी दिसेल."

"दोन. आणि टायर एक नंबर मोठे. खालून दगड लागता कामा नये, बस."

"दोन इंचात कोण बघणार भाबी?"

"दगड बघेल."

त्याने दोन दिवस घेतले. जुन्या स्प्रिंगा काढून उंच स्प्रिंगा बसवल्या, नवे टायर चढवले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक आतल्या प्लॅस्टिकला घासत होतं, ते कापलं. हेडलाइट आता समोरच्यांच्या डोळ्यांत जात होते, ते खाली केले. स्पेअर टायरही मोठाच घ्यायला लावला, नाहीतर पंक्चर झाल्यावर गाडी लंगडेल म्हणाला. हे सगळं मला पटलं. दोन इंच स्प्रिंगांचे आणि एक इंच टायरचा, गाडी तीन इंच वर आली.

घरी परतताना मुहर्रकच्या पुलावर एक गोष्ट झाली, तिचा माझ्या कामाशी काही संबंध नव्हता. आम्ही अरादला राहतो, तो पूल मी रोज ओलांडते. आजवर ड्रायव्हरच्या सीटवरून मला सिमेंटचा कठडा दिसायचा. त्या दिवशी कठड्याच्या वर पाण्याची एक निळी पट्टी दिसायला लागली. ती पूल संपेपर्यंत माझ्याबरोबर चालत आली. गाडी रस्त्यावर आहे की त्या पट्टीवर, हे क्षणभर मला सांगता आलं नसतं. मग मागच्याने हॉर्न दिला.

आता गाडी दगडाला लागणार नव्हती. पण आत बसलेल्या माणसाला दणके किती बसतील, हे कसं कळणार? मी स्वतः बसून ठरवू शकत नव्हते, माझी पाठ धडधाकट आहे. नवऱ्याला बसवून विचारण्यात अर्थ नव्हता. तो "दोन" म्हणाला असता.

गुरुवारी संध्याकाळी विरजण लावताना उत्तर सापडलं. दही अर्धवट लागलेलं असताना भांडं हललं की संपलं. फुटतं, पाणी सुटतं, आणि पुन्हा काही केलं तरी जोडलं जात नाही. आईच्या घरी दह्याच्या कोनाड्याजवळ आम्हाला उड्या मारायला बंदी होती.

शुक्रवारी पहाटेच उठून मी स्टीलच्या डब्यात कोमट दूध विरजलं. चार तासांनी ते थरथरण्याइतपत लागलं, तसा डबा टॉवेलात गुंडाळून गाडीत बाजूच्या सीटवर ठेवला आणि वरून पट्टा लावला. मुलगी बाल्कनीतून पाहत होती. ती सतरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते.

"आई, आर यू सीट-बेल्टिंग द दही?"

"हो. बाबांना सांगू नकोस."

"ही विल थिंक यू हॅव गॉन मॅड."

"म्हणूनच सांगू नकोस."

डांबर संपलं तिथून अर्धा तास आत आणि अर्धा तास परत, सगळं सावकाश. ओघळ आली. खाली काही लागलं नाही. मी खूश होते. परत डांबरावर आल्यावर झाकण उघडलं. आत पिवळसर पाण्यात पांढरे तुकडे तरंगत होते.

त्या दुपारी घरी कढी झाली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शाळेत मी मुलांना वर्षभर सांगत असते. पुढच्या शुक्रवारी मी फक्त टायरमधली हवा कमी केली. पेट्रोल पंपावरचा माणूस पस्तीस भरतो, मी वाळूत शिरण्याआधी वीसवर आणली. टायर खालून पसरले. तीच ओघळ, तोच वेग. या वेळी दही मधोमध दुभंगलं होतं आणि कडेने पाणी सुटलं होतं, पण तुकडे झाले नव्हते. म्हणजे टायर आपलं काम करत होते. चूक त्यांच्या वर कुठेतरी होती.

पुन्हा कढी झाली. नवऱ्याने वाटीत पाहिलं. "हल्ली दही लागत नाही का तुझं?"

"हवा बदललीय," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

शनिवारी डबा तसाच घेऊन मिस्त्रीकडे गेले. उरलेलं दही त्यात होतं. त्याने झाकण काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाबी, नाश्ता आणलात?"

"हे तुझ्या स्प्रिंगांनी केलंय."

मी सगळं सांगितलं. तो खाली बसला. हसेल असं वाटलं होतं, पण तो त्या फुटलेल्या दह्याकडे पाहत राहिला.

"मी कडक टाकल्या," तो म्हणाला. "सगळे कडकच मागतात. तंबू, जनरेटर, बायका, पोरं, बकरा, सगळं भरून सखीरच्या वाळवंटात जातात. रिकाम्या गाडीत कडक स्प्रिंग उडवणारच. तुम्ही पाठीचं बोलला नाहीत मला."

खरं होतं. मी दगडाचं सांगितलं होतं, पाठीचं नाही. वाटलं होतं, गाडी उंच झाली की दणके आपोआप कमी होतील. माझी चूक होती, आणि ती मीच मान्य करायला हवी होती.

"मग काय करायचं?"

"उंची तीच, पण मऊ स्प्रिंग देतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरपण मऊ लावतो. पण एक आहे, सामान भरलं की ही गाडी बसणार."

"आमचं सामान म्हणजे एक माणूस आणि एक डबा."

"मग मफी मुश्किल, काही अडचण नाही," तो उठत म्हणाला. "दह्याचं मला कळवा पण."

तिसऱ्या शुक्रवारी धुकं होतं. जानेवारीत इथे समुद्रावरून धुकं येतं आणि वाळवंटात जाऊन बसतं. मी हवा कमी केली आणि आत शिरले. थोड्या वेळाने मागचा रस्ता नाहीसा झाला. पुढे चालू पंप होते, पण त्यांचे पाय धुक्यात बुडालेले, नुसती डोकी वर येत होती आणि खाली जात होती. कशाला तरी हो म्हणत असल्यासारखी. गाडी आता आदळत नव्हती. ती खड्ड्यात उतरायची, थोडी डुलायची आणि वर यायची, होडीत बसल्यासारखं वाटायचं. पाइपलाइन बाजूने आली, काही वेळ सोबत चालली आणि वळून गेली. किती वेळ चालवलं ते मला आठवत नाही. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही, मी घड्याळ पाहणारी बाई आहे.

परत आल्यावर झाकण उघडलं. दही लागलं होतं. सीटला मागे उतार असल्यामुळे ते एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, तिरकं लागलं होतं. पण अखंड. चमचा घातला तेव्हा स्वच्छ काप पडला.

दुपारी मी ते तसंच ताटाजवळ ठेवलं. नवऱ्याने डबा फिरवून फिरवून पाहिला. "लागलं वाटतं. पण वाकडं का?"

"लागलंय ना? पुढच्या शुक्रवारी लवकर उठा. पंपापाशी जायचंय."

त्याने दोनदा दही घेतलं. मुलगी ताटाकडे बघून हसत होती.

शुक्रवारी पुन्हा धुकं पडलं. गाडी उंच झाल्यामुळे त्याला पाय वर टाकता येणार नव्हता, याचा मी आधीच विचार केला होता. स्वयंपाकघरातला पाट आणून खाली ठेवला. तो पाटावर चढला, हँडल धरलं, आणि हळूच बसला.

"मुंजीनंतर आज पाटावर," तो म्हणाला.

"पट्टा लावा," मी म्हणाले आणि पाट मागे टाकला.

डांबर संपलं. मी उतरून चारही टायरमधली हवा कमी केली. तो खिडकीतून पाहत होता. "कुणी शिकवलं?"

"दह्याने."

त्याला ते कळलं नाही आणि मीही खुलासा केला नाही. तो वाट सांगायला लागला. इथून डावीकडे घे. आता पाइप येईल, त्याच्या अलीकडनं जा. मी वाटेकडे कमी आणि त्याच्या उजव्या हाताकडे जास्त पाहत होते. ओघळ आली. गाडी उतरली, डुलली, वर आली. हात मांडीवरच होता, बोटं सैल.

"चांगली चालवतेस," तो म्हणाला. मग म्हणाला, इथे एकदा कोल्हा दिसला होता.

पुढच्या वळणावर विचारलं, "आता कुठून?" उत्तर आलं नाही. त्याची मान सीटच्या कडेला टेकली होती आणि तोंड थोडं उघडं होतं. तो झोपला होता.

थोड्या वेळाने धुक्यातून तो बंद पंप बाहेर आला. ओळखायला सांगणाऱ्याची गरज नव्हती. गंजलेला, मान खाली घातलेला, आणि त्याच्या पायाशी एक सपाट दगड, एका माणसाला बसता येईल एवढा. मागच्या सीटवर पोहे होते, थर्मासमध्ये चहा होता. गाडी थांबवायची म्हणून मी पाय ब्रेकवर नेला. गाडी मंदावली तसा त्याचा श्वास बदलला, भुवई हलली. मी पाय काढून घेतला.

ऑपरेशन झाल्यापासून हा माणूस सलग दोन तास झोपला नव्हता. आता चालत्या गाडीत, बसल्या बसल्या झोपला होता. मग मी पंपाला वळसा घातला. एक वळसा, मग दुसरा, मग जरा मोठा. प्रत्येक वेळी पंप धुक्यातून यायचा, मान खाली घालून आम्हाला जाऊ द्यायचा, आणि पुसला जायचा. काही वेळाने मला असंही वाटायला लागलं की आम्ही जागेवर आहोत आणि तोच आमच्याभोवती फिरतोय. पेट्रोलचा काटा पाहिला. पुष्कळ होतं.

धुकं पिवळं होऊन विरायला लागलं तेव्हा तो जागा झाला. पाठीला हात लावला नाही, हे मी पाहिलं. डोळे चोळून त्याने समोर वाळूत पाहिलं, एकदम पुढे वाकला, आणि वाकताना थांबलाही नाही.

"आपल्या आधी आलंय कोणीतरी," तो म्हणाला. "ताज्या खुणा आहेत. तीन-चार गाड्या तरी असतील."

"असतील."

"रुंद टायर. हवा कमी ठेवलीय, कडा बघ कशा पसरल्यात." तो काचेला नाक लावून पाहत होता. "कुठे आदळलेली दिसत नाही. शहाणा ड्रायव्हर आहे."

मी गाडी दगडाजवळ नेली, थांबवली, आणि पाट काढायला खाली उतरले.