विमानात तहान

दर डिसेंबरात मी डेहराडूनच्या वरच्या डोंगरातल्या एका गावी जातो. माझ्या प्लॅटूनमधला लान्स नायक गोपाल सिंह त्या गावचा. तो गेला त्या तारखेला दिवेलागणीला त्याची बायको, बिमला भाभी, फोटोसमोर दिवा लावते आणि मी शेजारी बसतो. तिसरं कोणी नसतं. तिला मूलबाळ नाही, आणि आमच्या प्लॅटूनमधले बाकीचे एकेक करून गेले.

इतकी वर्षं रेल्वेने गेलो. आता गुडघ्यांना तो प्रवास झेपत नाही, म्हणून यंदा पुण्याच्या मुलाने विमानाचं तिकीट काढलं. बायको गेल्यापासून घराला कुलूप लावायचं कामही माझंच. शेजारची सखू धसईच्या एसटी थांब्यापर्यंत पिशवी घेऊन आली.

"हवालदारदादा, येकलंच जाताव?"

"इमानात दीडशे मानसं असतात गो."

"ती काय तुमची हायेत? वाटंत पानी पीत जावा."

मी ऐकलं नाही. अँबुशला, म्हणजे दबा धरून बसायला, जायचं असलं की आम्ही आधीपासून पाणी तोडायचो, कारण तिथून उठायची सोय नसे. विमानात माझी सीट खिडकीची, शेजारी दोन अनोळखी माणसं. म्हाताऱ्याने त्यांना सारखं काय उठवायचं? मुरबाड गेलं, कल्याण गेलं, विमानतळ आला, तरी मी घोटभर पाणी घेतलं नाही. स्वतःच्या शिस्तीचं मला कौतुकच वाटत होतं.

विमान वर गेलं. गुडघे पुढच्या सीटला टेकले होते आणि सुजलेल्या पायांवर बूट आवळत होते. मग पोटरीत गोळा आला. दातांवर दात दाबून बसलो, तसा घाम फुटला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. शेजाऱ्याने घाबरून बेल दाबली. एअर होस्टेस धावत आली.

"सर, पानी कब पिया?"

"सुबह से नहीं."

"क्यों?"

"आदत."

तिने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पाय ताणायला लावले आणि विचारलं, "नीचे अॅम्ब्युलन्स बुलाऊँ?"

या प्रश्नाने मी खरा घाबरलो. अॅम्ब्युलन्स म्हणजे हॉस्पिटल, हॉस्पिटल म्हणजे अॅडमिट. तिकडे भाभी एकटी दिव्यासमोर बसली असती.

"थोडा टाइम दो," म्हणालो. अजून दोन ग्लास पाणी प्यायलो. मग उठून सीट धरत धरत टॉयलेटपर्यंत गेलो, परत आलो. "फिट," असा रिपोर्ट दिला. ती हसली, पण उतरेपर्यंत माझ्यावर नजर ठेवून होती.

उतरताना दोन्ही कान बंद झाले. आवंढे गिळले, नाक दाबलं. उजवा जरा मोकळा झाला, डावा नाही.

दिवेलागणीच्या आत भाभीच्या घरी पोहोचलो. माझी चाल बघून भाभीने आधी गरम पाण्यात पाय ठेवायला लावले. मग दिवा लावला. ती काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही.

"से अगेन, भाभी."

ती जवळ सरकली. "उनकी आवाज़ अब याद नहीं आती. बहुत कोशिश करती हूँ. आप बोलके सुनाओ."

गोपाल गेला त्या दिवशी तो गस्तीची तुकडी घेऊन कड्यावर चढला होता आणि वायरलेस सेटवर मी होतो. त्याचा मेसेज मला पाठ आहे. तो बोलायचा तसाच, नाकातून, हेल काढून, मी बोललो. "ऊपर पहुँच गए. बर्फ़ बहुत है. चाय चढ़ाके रखना. ओव्हर." मी रॉजर, म्हणजे मेसेज मिळाला, असं उत्तर दिलं होतं. त्यानंतर वरचा बर्फ सुटून त्यांच्यावर कोसळला आणि सेटवर नुसती खरखर राहिली.

कान बंद असल्यामुळे माझं बोलणं माझ्याच डोक्यात घुमत होतं. मला तो गोपालच वाटला. भाभी डोळे मिटून म्हणाली, "फिर से." मी पुन्हा बोललो. किती वेळा, ते मोजलं नाही.

परतीच्या विमानात मी मागून मागून पाणी प्यायलो. शेजाऱ्यांना तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड वाकडं केलं. मी मुळीच संकोचलो नाही. गोपालचा आवाज आता माझ्या एकट्याकडे आहे, आणि पुढच्या डिसेंबरात तो मला भाभीकडे न्यायचा आहे.